गिझर कोणी बंद केला

मोशीच्या त्या सोसायटीत कुणाचा मिक्सर जळाला किंवा इस्त्री तापेनाशी झाली, की माणसं दुकान शोधायच्या आधी बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जायची. तिथं कस्तुराबाई लोंढे राहायच्या. वय सदुसष्ट, अंगानं बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा. गॅलरीत एक लाकडी टेबल, त्यावर मीटर, तीन-चार स्क्रू ड्रायव्हर आणि डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी. भोसरीच्या एमआयडीसीत स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची अठरा तपासणीच्या टेबलावर. कस्तुराबाईंनी सही केलेला डबा गिऱ्हाइकाकडून परत येत नाही, असं सुपरवायझर नव्या मुलींना सांगायचा. धाराशिवकडून लग्न होऊन आलेली, सातवी शिकलेली बाई. पण बिघाड शोधायचा कसा हे तिला कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा.

नवरा, नानासाहेब, नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा सिद्धेश चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता आणि बायको निशिगंधा आणि अडीच वर्षांच्या ईश्वरीला घेऊन आकुर्डीत राहायचा. कंपनीतून घरी जाताना आठवड्यातून दोनदा तो मोशीला थांबायचा, चहा घ्यायचा, आईच्या हातचं काहीतरी डब्यात घेऊन जायचा. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा. कस्तुराबाई एकपर्यंत जेवायच्या नाहीत. फोन झाला की मग ताट वाढून घ्यायच्या.

दिवाळीत त्यानं विषय काढला होता. निशिगंधाला कॉलेजात शिकवायची नोकरी पुन्हा धरायची होती, आणि ईश्वरीला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं.

"आई, तू आमच्याकडंच ये राहायला. हा फ्लॅट भाड्यानं देऊ."

"दिवसा येते की. सकाळची बस धरते, संध्याकाळी परत येते. आठवड्यातले तीन दिवस म्हण, चार म्हण."

"रोजची दगदग कशाला?"

"माझं घर आहे इथं, सिद्धेश. माणसं आहेत. मला जमतंय तोवर मी इथंच."

त्यानं विषय तिथंच सोडला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र तीन प्लग घेऊन आला. पांढरे, मुठीएवढे, वर एक छोटं बटण आणि निळा दिवा. "व्होल्टेज वर-खाली झालं तरी काही जळणार नाही," म्हणाला. एक गिझरला लावला, एक टीव्हीला, एक गॅलरीतल्या टेबलाच्या बोर्डाला. कसलं वायफाय का काय, त्याच्याशी ते जोडावे लागतात म्हणून त्यानं कपाटावर एक काळा डबाही बसवून घेतला आणि आपल्या फोनवर थोडा वेळ काहीतरी केलं. "भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं. लावायचं, बंद करायचं ते या छोट्या बटणानं. निळा दिवा लागला म्हणजे चालू." स्टॅबिलायझरवर जन्म घालवलेल्या बाईला पोरानं व्होल्टेजबद्दल शिकवावं याचं त्यांना हसू आलं. पण त्यानं आठवणीनं आणलं होतं. त्यांनी सलिमाला बोलावून ते दाखवलंसुद्धा.

सलिमा शेजारची. तिच्या नवऱ्याचं, सरदारभाईंचं, स्पाइन रोडला गॅरेज होतं. दोन्ही घरांचे दरवाजे दिवसभर उघडेच असायचे.

पहिली चूक खरोखरच कस्तुराबाईंची होती. नोव्हेंबरात एका सकाळी गिझर लावून त्या खाली भाजी घ्यायला गेल्या, तिथं गप्पांत पाऊण तास गेला. एकदम आठवलं तसं धापा टाकत वर आल्या. पाणी कढत होतं, पण निळा दिवा बंद. आपण लावून गेलो होतो, का बंद करून गेलो होतो? दुपारी फोनवर त्यांनी सिद्धेशला सांगितलं. "मला नक्की आठवेना बघ. जरा भीतीच वाटली. एकटीचं घर."

पलीकडं सिद्धेश क्षणभर थांबला. मग म्हणाला, "होतं असं, आई. वय झालं आता."

त्यानंतर ते होतच गेलं. सकाळी सहाला बटण दाबावं, देवपूजा उरकून अंघोळीला जावं, तर पाणी गार आणि दिवा बंद. संध्याकाळी मालिका लावून त्या भाकरीच्या पिठाला पाणी घालायला आत जायच्या, बाहेर येऊन बघावं तर टीव्ही काळा. बटण दाबलं की लगेच सुरू. प्लग चांगला होता, टीव्ही चांगला होता. बटण कुणी दाबलं मग? घरात दुसरं माणूस नाही. सुरुवातीला त्यांनी प्लग मीटर लावून तपासले. काही खोट नव्हती. टीव्हीचा प्लग गिझरला आणि गिझरचा टीव्हीला लावून बघितला, तरी तेच. वस्तूत दोष सापडत नाही म्हटल्यावर तपासायला एकच गोष्ट राहिली होती, आणि ती म्हणजे त्या स्वतः.

"लिहून ठेवत जा," सिद्धेशनं सुचवलं. त्यांनी सोसायटीकडून मिळालेल्या जुन्या डायरीत लिहायला सुरुवात केली. 'सहा दहा, गिझर लावला. सहा पंचेचाळीस, दिवा बंद. मी केला नाही.' काही दिवसांनी शेवटचं वाक्य त्यांनी लिहायचं सोडून दिलं.

डिसेंबरात एका दुपारी त्या सलिमाचा मिक्सर उघडून बसल्या होत्या. काम अर्धवट ठेवून, कांडी बंद करून जेवायला उठल्या. जेवून जरा आडव्या झाल्या. जळका वास आला तसं गॅलरीत धावल्या. कांडी स्टँडवरून कधीतरी घसरलेली, आणि टेबलाच्या लाकडात काळा खड्डा पडून धूर येत होता. घाईत उचलताना तर्जनी आणि मधलं बोट भाजलं. त्यांनी प्लग खेचून काढला आणि कितीतरी वेळ पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. कांडी आपण बंद केली होती. निळा दिवा गेलेला डोळ्यांनी बघितला होता. की बघितला असं वाटलं होतं?

सिद्धेश फोनवर ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आई, हे दुरुस्तीचं आता सोड. उद्या कुणाचा मिक्सर तू नीट जोडला नाहीस आणि त्या बाईला शॉक बसला तर?"

त्या दिवशी त्यांनी सलिमाचा मिक्सर पिशवीत घालून अर्धवटच परत दिला. "माझ्या हातनं आता नाही व्हायचं," म्हणाल्या. सलिमा म्हणाली, "मावशी, बोट भाजलंय, मन कशाला भाजून घेता?" पण त्यांनी टेबलावर चादर टाकली ती टाकलीच.

जानेवारीत सिद्धेश त्यांना चिंचवडच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. कस्तुराबाईंनी सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाले, "तसं काळजीचं काही दिसत नाही." मग सिद्धेशकडं वळून त्यांनी विचारलं, "घरच्यांना काही जाणवलंय का?"

सिद्धेश आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. हातात तिची डायरी होती. तो म्हणाला, "हो. दोन महिन्यांपासून. गिझर, टीव्ही, एकदा तर आग लागता लागता राहिली."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. एकटं न राहिलेलं बरं, असंही म्हणाले. बाहेर आल्यावर कस्तुराबाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "येते मी आकुर्डीला." सिद्धेशनं त्यांचा हात हातात घेतला आणि थेट मोशी येईपर्यंत सोडला नाही. त्यांना भरून आलं. आपलं पोर आपल्यासाठी किती जीव टाकतंय, असं वाटलं.

एक फेब्रुवारीला टेम्पो ठरला. चाकणच्या कंपनीतला कुणी इंजिनिअर भाड्यानं येणार होता. कस्तुराबाई रोज थोडं थोडं सामान खोक्यांत भरू लागल्या. डिसेंबरापासून रोज सकाळी जाग आली की अंथरुणातच त्या ओठांत सिद्धेशची जन्मतारीख म्हणून बघायच्या. अजून येते म्हटल्यावर मग उठायच्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, सोसायटीसमोर रस्त्याचं खोदकाम करणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची केबल तोडली. पोराबाळांनी ओरडा केला, घरून काम करणारे दोघे-तिघे लॅपटॉप घेऊन कुठं कुठं निघून गेले. कस्तुराबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या टीव्हीला डिश होती आणि फोन त्या नुसता बोलायला वापरायच्या. मात्र बुधवारी संध्याकाळी डायरी लिहायला घेतली, आणि त्यांचं पेन थांबलं. सोमवार: सगळं ठीक. मंगळवार: सगळं ठीक. बुधवार: सगळं ठीक. तीन दिवसांत एकदाही दिवा आपोआप गेला नव्हता. अंघोळीला तिन्ही दिवस गरम पाणी मिळालं होतं.

गोळ्या लागू पडल्या, असं त्यांना आधी वाटलं. खूप हलकं वाटलं. सिद्धेशला सांगायला फोन उचलला आणि परत ठेवला, उद्या अजून एक दिवस बघून सांगू म्हणून.

गुरुवारी दुपारी चारला केबलवाल्यानं येऊन नेट चालू करून दिलं. रात्रीच्या जेवणाआधी, सव्वाआठला, टीव्ही काळा झाला.

कस्तुराबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं. त्यांच्या डोक्यात काहीतरी जागं झालं, तपासणीच्या टेबलावर अठरा वर्षं वापरलेलं. काल आणि आज यांत बदललं काय? गोळी तीच, वेळ तीच, बाई तीच. एकच गोष्ट बदलली होती. कपाटावर वायफायचा तो काळा डबा हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता.

त्यांनी त्याची वायर काढली. शुक्रवारचा अख्खा दिवस ती काढलेलीच ठेवली. गिझर लागला तसा लागून राहिला, टीव्ही संध्याकाळभर चालला. शनिवारी सकाळी त्यांनी वायर परत लावली, सहा वाजता गिझरचं बटण दाबलं आणि बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर नानासाहेबांचं घड्याळ. देवपूजा तशीच राहिली. सहा चोवीसला प्लगमधून टक् असा बारीक आवाज आला आणि निळा दिवा गेला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

तिथंच खुर्चीत बसून त्या रडल्या. मी नाही. मी विसरले नव्हते. मी ठीक आहे. किती तरी वेळ एवढंच मनात येत होतं, आणि ते इतकं मोठं होतं की दुसरं काही आत शिरायला जागाच नव्हती.

सलिमाला त्यांनी हाक मारली ती शेजाऱ्याच्या घरात गोड बातमी सांगावी तशी. "तिन्ही प्लग बिघडलेत बघ. नेट असलं की बंद पडतात, नेट नसलं की नीट चालतात. आता सिद्धेशला सांगते, बदलून आण म्हणून."

सलिमा प्लगकडं बघत राहिली. "मावशी, हे प्लग माझ्या भावाकडं आहेत, चिखलीला. ते असे आपोआप बंद नाही होत. फोनवरून करावं लागतं. घरात नसलं तरी करता येतं."

"कुणाच्या फोनवरून?"

"ज्यानं लावले त्याच्या."

कस्तुराबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "सिद्धेशच्या फोनवरून लावलेत," त्या म्हणाल्या. मग लगेच, "त्याच्याकडनं चुकून होत असेल. खिशात फोन असतो, बोट लागत असेल."

"असेल," सलिमा म्हणाली. तिची नजर डायरीकडं गेली, आणि मग कस्तुराबाईंचीही.

सलिमानं भावाला फोन लावून विचारलं. प्लगवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकायला लागला की आधीच्या फोनशी त्याचा संबंध तुटतो. कस्तुराबाईंनी एक-एक करून तिन्ही प्लग तसे केले. भाजलेल्या बोटाची कातडी अजून कोवळी होती, म्हणून अंगठ्यानं दाबले. तिन्ही दिवे लुकलुकायला लागले. मग दोघी चहा करून बसल्या.

दहा मिनिटं झाली असतील. फोन वाजला. शनिवारी सिद्धेशची पहिली पाळी असायची आणि पाळीवरून तो सकाळी कधीच फोन करायचा नाही.

"आई, तिकडं लाइट गेलीय का?"

"नाही. का रे?"

"असंच. वायफायचा डबा चालू आहे ना? त्याचे दिवे बघ जरा."

कस्तुराबाईंनी कपाटाकडं बघितलं. हिरवे दिवे होते. "चालू आहे," त्या म्हणाल्या. "तुला चाकणात बसून काय दिसेनासं झालं, सिद्धेश?"

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. सिद्धेशचा येत नव्हता.

"पाळी सुटली की ये," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुपारी एकला फोन आला नाही. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

तो चार वाजता आला. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र तसंच. सलिमा उठून आपल्या घरी गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं जाताना दार ओढून घेतलं. खोलीभर खोकी होती. कस्तुराबाई एका खोक्याशेजारी बसल्या होत्या, समोर तीन प्लग आणि डायरी.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आई, आधी ऐकून घे."

"ऐकतेच आहे."

तो खाली सतरंजीवर बसला. "पहिल्यांदा तू खरंच विसरली होतीस. मला फोनवर दिसलं, पाऊण तास गिझर चालू. मी बंद केला. दुपारी तुला सांगणारच होतो. पण तू म्हणालीस, एकटीला भीती वाटली. दिवाळीत तू काही ऐकायला तयार नव्हतीस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा... मला वाटलं, अजून एक-दोनदा असं झालं तर तू आपणहून येशील."

"एक-दोनदा." त्यांनी डायरी त्याच्याकडं सरकवली. "मोज."

त्यानं डायरी उघडली नाही.

"आणि कांडी? ती तर बंद होती. ती तू लावलीस."

"ते चुकून झालं, आई. शपथ. मोबाइलमध्ये गिझरच्या खालीच ते बटण आहे. मला कळलंसुद्धा नाही, नंतर बघितलं तेव्हा बंद केलं."

"टेबल जळालं. माझी बोटं भाजली. हे मी तुला फोनवर सांगितलं. तेव्हा तुला कळलं होतं ना, की कांडी कुणी लावली?"

सिद्धेशनं मान खाली घातली.

"तेव्हा तू काय म्हणालास? कुणाला तरी शॉक बसेल, दुरुस्ती सोड म्हणालास. मी सोडली. तुझ्यावर विश्वास ठेवून सोडली." त्यांचा आवाज चढला नव्हता. कंपनीत एखाद्या पोरीला तिची चूक दाखवताना असायचा तसाच होता. "माझा माझ्या हातांवर विश्वास होता, डोळ्यांवर होता. मीटर म्हणत होतं वस्तू चांगली आहे. तू म्हणालास, वय झालंय. मी मीटरचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं."

"तुझ्या काळजीनंच केलं. ईश्वरीला पाळणाघरात टाकायचं जिवावर आलं होतं. तू आमच्यात असावंस म्हणून..."

"मी येते म्हटलं होतं. दिवसा येते म्हटलं होतं."

तो रडायला लागला. लहान असताना रडायचा तसा, नाकानं आवाज करत. कस्तुराबाईंचा हात सवयीनं त्याच्या डोक्याकडं गेला आणि मध्येच थांबला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"त्या डॉक्टरांनी विचारलं, घरच्यांना काही जाणवलंय का. तू माझ्या शेजारी बसला होतास. माझी डायरी तुझ्या हातात होती. हो म्हणालास. येताना रिक्षात माझा हात धरलास. रोज सकाळी उठले की मी तुझी जन्मतारीख म्हणायचे, सिद्धेश. कधीतरी ती विसरेन, मग तुला ओळखणारच नाही, असं वाटायचं. दोन महिने मी असं उठलेय."

सिद्धेशनं त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले. मग म्हणाल्या, "ऊठ. ते ॲप माझ्यासमोर काढून टाक." त्यानं फोन काढला, त्यांना दाखवत काढून टाकलं. "आणि घराची किल्ली."

"आई, किल्ली कशाला? काही झालं तर?"

"सलिमाकडं एक देते."

किल्लीच्या जुडग्यातून ती एक किल्ली काढायला त्याला बराच वेळ लागला. ती खोक्यावर ठेवून तो गेला. त्यांनी त्याला चहा विचारला नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी निशिगंधाचा फोन आला. "आई, प्लग फोनवरून चालतात हे मला माहीत होतं. मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे."

"आणि डॉक्टरांकडं नेलं तेव्हा?"

"मी विचारलं होतं ह्यांना. म्हणाले, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मी पुन्हा विचारायला हवं होतं."

"हो," कस्तुराबाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

टेम्पोवाल्याला त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं. खोकी उपसायला तीन दिवस लागले, कारण भरताना दोन महिन्यांची भीती त्यांनी वस्तूंबरोबर भरली होती. चमच्यांच्या पिशवीवर 'चमचे' लिहिलं होतं, औषधांवर 'औषधं', नानासाहेबांच्या फोटोमागं 'नानासाहेब'. त्या चिठ्ठ्या एक-एक काढून टाकताना त्यांना संतापानं घाम फुटला. नानासाहेबांच्या मागची चिठ्ठी काढून त्या तशाच भिंतीला टेकून बसल्या.

टेबलावरची चादरही काढली. सलिमानं तो अर्धवट मिक्सर परत आणून दिला. बिघाड साधा होता, वायरचा एक डाग सुटलेला. पूर्वी त्यांनी तो दहा मिनिटांत केला असता. आता डाग दिला, मीटर लावलं, बरोबर आलं. पुन्हा लावलं, पुन्हा बरोबर आलं. मिक्सर दोनदा चालवून बघितला. सलिमा घेऊन निघाली तेव्हा त्यांनी तिला दारातून परत बोलावलं आणि तिसऱ्यांदा चालवून बघितला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या आकुर्डीला जाऊ लागल्या, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. भोसरीला बस बदलायची, नऊच्या आत पोचायचं. ईश्वरीनं काही केलं नव्हतं. ती आजी दिसली की दोन्ही हात पसरून यायची. दुपारी तिला झोपवून कस्तुराबाई खिडकीशी बसायच्या. संध्याकाळी निशिगंधा आली की पिशवी उचलून निघायच्या. सिद्धेश घरी यायच्या आत निघायचं, असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच व्हायचं. तो आता दुपारी एकला फोन करायचा, तेव्हा जेवलीस का, बस मिळाली का, एवढंच विचारायचा. त्या उत्तरं द्यायच्या. फोन यायच्या आधी त्यांचं जेवण झालेलं असायचं.

मार्चमध्ये एका गुरुवारी त्यानं सांगितलं, "आई, आज येतो संध्याकाळी. जेवायला थांबतो."

"ये."

त्यांनी त्याच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी केली. सात वाजले, साडेसात झाले. फोन आला. "आई, चाकणला तळेगाव चौकात अडकलोय. गाडी हलत नाहीये. आज काही जमेलसं वाटत नाही."

तळेगाव चौकात गाड्या अडकतात हे साऱ्या पट्ट्याला माहीत होतं. तो तिथं तासन्‌तास अडकल्याचं त्यांनी आजवर शंभर वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, सावकाश ये, ट्रकच्या मागं लागू नको. आज त्यांनी फोन कानाशी नीट धरला. मागं गाड्यांचे हॉर्न येतात का, ते त्या ऐकत होत्या. एक आला. मग दुसरा. तेवढ्यानं काही नक्की होत नव्हतं, हॉर्न कुठंही वाजतात.

"आई? आहेस ना?"

"आहे. बरं," त्या म्हणाल्या, आणि एका माणसाचं ताट वाढायला घेतलं.